भुताचं गाऱ्हाणं: गोष्टीतली, रंगमंचावरची आणि पडद्यावरची

ओसरी

आमच्या घरात लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकण्याआधी एका मुंजाला जेवायला बोलावतात. मुंज झालेला, लग्न न झालेला कुठलाही मुलगा चालतो. पाटाभोवती रांगोळी, समई, पानात गोडधोड, वर दक्षिणा आणि नवं वस्त्र. जेवण झालं की घरातली मोठी माणसं त्या आठ-दहा वर्षांच्या पोराला वाकून नमस्कार करतात. पणजोबांचा धाकटा भाऊ मुंजीनंतर काही महिन्यांतच गेला. सोडमुंज, म्हणजे मुंजीचा समारोपाचा विधी, राहिली, मग लग्न तर लांबच. म्हणून घरातलं प्रत्येक कार्य आधी त्याला सांगायचं. नाहीतर त्याला वाईट वाटेल, असं आजी म्हणायची. 'तो त्रास देईल' असं मी तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही.

आता भावाचं लग्न ठरलंय आणि पुढच्या महिन्यात हे पान पुन्हा मांडायचंय. त्यानिमित्ताने बरेच दिवस डोक्यात असलेलं लिहिते.

आपल्याकडच्या भुतांची नावं नीट पाहिली तर प्रत्येक नावामागे काहीतरी राहून गेलेलं आहे. मुंजाचा संस्कार राहिला. अळवंतीण बाळंतपणात गेली, तिचं मूल राहिलं. समंधाचा जीव पुरलेल्या ठेव्यात राहिला. भूत म्हणजे कुणीही न ऐकलेलं गाऱ्हाणं, अशी माझी समजूत होत गेली आहे. आणि ज्या लेखकाने, नाटककाराने किंवा दिग्दर्शकाने ते गाऱ्हाणं ऐकून घेतलं, त्याचीच कलाकृती माझ्या मनात टिकली. नुसता दचकवणारा सिनेमा घरी येईपर्यंत विरून जातो.

२०२४ साली आदित्य सरपोतदार यांचा 'मुंज्या' आला तेव्हा मी आजीच्या आठवणीने गेले होते. कोकणातलं गाव, मुंज झालेला पोर, त्याची अर्धी राहिलेली इच्छा, हे सगळं जागेवर होतं. तो 'लग्न करायचंय' म्हणतो तेव्हा थिएटरात हशा पिकला. मला मात्र गलबलून आलं, कारण ते वाक्य आमच्या घरातलं होतं. पुढे पाठलाग आणि संगणकावर घडवलेलं धूड यांतच बराच वेळ गेला आणि तो पोर मागे पडला, याची हळहळ वाटली.

तुमच्या वाचनातलं, पाहण्यातलं असं कोणतं भूत आहे, ज्याचं म्हणणं तुम्हाला ऐकू आलं?

जुना_बाजार

धागा आवडला, पण पहिल्याच मुद्द्याशी मी सहमत नाही.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं काय करणार? मी शाळेत असताना आमच्या वाचनालयात त्यांच्या पुस्तकांना कायम नंबर लावावा लागायचा, आणि पुठ्ठे सुटलेली ती पुस्तकं मी दिवसाढवळ्या, घरात माणसं असतानाच वाचत असे. धारपांच्या कथांतल्या अघोरी शक्तीला बहुतेक वेळा काही गाऱ्हाणं नसतं. तिच्यावर कुणी अन्याय केलेला नसतो. ती कुठल्यातरी अमानवी पोकळीतून आलेली असते आणि तिला फक्त शिरकाव हवा असतो. तिची समजूत काढता येत नाही, तिला पान वाढून शांत करता येत नाही. म्हणून तर त्यांच्या कथांत तिच्याशी झुंजायला समर्थांसारखं पात्र लागतं. भीती नेमकी तिथेच आहे. मुंजा कितीही झालं तरी आपल्या घरातला. धारपांचं जे काही आहे ते कुणाच्याच घरातलं नाही.

ओसरी

हा मुद्दा मला अडवणार हे माहीत होतं. 'लुचाई' मीही रात्री अर्धवट टाकून दिली होती आणि दुसऱ्या दिवशी उन्हात बसून पुरी केली. पण ती मुळात स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली आहे ना? ती गाऱ्हाणं नसलेली शक्ती बाहेरून आलेली आहे असं म्हणता येईल का?

जुना_बाजार

बेतलेली आहे, हे खरंच. पण धारपांना नुसतं उसनवारीच्या खात्यात टाकलं की मला वाईट वाटतं. परदेशी गोष्टीतला सांगाडा घेऊन ते तो अशा मराठी घरात उभा करायचे की ओसरी, माजघर, परसातली विहीर, सगळं आपल्या ओळखीचं असायचं. आणि ती ओळखीची विहीरच परकी वाटायला लागायची. त्यांची 'आजी' ही कथा घ्या. तिचंही मूळ किंगच्याच एका कथेत आहे. पण अंथरुणाला खिळलेली म्हातारी आणि तिच्याजवळ एकटं ठेवलेलं पोर, हे मराठीत वाचताना परकं वाटत नाही, कारण आपल्यातल्या कित्येकांनी अशी दुपार काढलेली आहे.

त्याच कथेची सावली 'तुंबाड'मध्ये आली. राही अनिल बर्वे यांचा २०१८चा चित्रपट. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, साखळदंडाने बांधलेली म्हातारी धारपांकडून, आणि वर सतत कोसळणारा पाऊस. गोष्ट १९१८ पासून स्वातंत्र्याच्या वर्षापर्यंत येते. तुमच्या मोजपट्टीने त्यातल्या हस्तर या लोभी देवाचं गाऱ्हाणं काय सांगाल?

ओसरी

हस्तरचं गाऱ्हाणं सरळ आहे. त्याला भूक लागलीये.

त्याला सोनं मिळालं, धान्य मिळालं नाही. म्हणून पिठाच्या बाहुलीसाठी तो धावून येतो, आणि तेवढ्यात माणूस त्याच्या कमरेच्या लंगोटातून मोहरा ओढतो. मला त्या गर्भगृहात हस्तरपेक्षा नायकाची, विनायकाची भीती वाटली. उपाशी कोण आणि लुटणारा कोण, हे त्या एका दृश्यात लख्ख दिसतं.

पण धारपांबद्दलचं तुमचं म्हणणं मी मान्य करते. काही न मागणारं भूत असतं, आणि त्याच्यापुढे माझी आजी हतबल झाली असती.

वेंगुर्लेकर

कोकणाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात आरवलीला वेतोबा आहे. जयवंत दळवींचं गाव म्हणून बऱ्याच जणांनी नाव ऐकलं असेल. वेताळ म्हटलं की बाकी महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर स्मशान येतं. आमच्याकडे तो देव आहे, राखणदार आहे. त्याला केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावात फेरी मारतो, म्हणून त्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. गोव्यात लोलयेला, आमोण्याला बेताळ ग्रामदेव म्हणून पुजला जातो. देवचाराचंही तसंच. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. चुकलेल्या माणसाला तो वाटेला लावतो. त्याला रोट द्यायचा, विडी द्यायची, सोरो म्हणजे दारू द्यायची. आमची आजी तिन्हीसांजेला पाणंदीतून जाताना कडेला थांबायची आणि आम्हाला म्हणायची, "तेची वाट अडवू नको."

ही माणसं भुताबरोबर शेजाऱ्यासारखी राहिली. गाऱ्हाणं हा शब्द तुम्ही वापरलात, तर आमच्याकडे गाऱ्हाणं माणूस घालतो आणि देव ते ऐकतो. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

हे पडद्यावर फार थोड्यांना जमलं. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा आकेरीतलं ते घर, ती भाषा, ते नाईक कुटुंब पाहून आनंद झाला होता. मालवणी रोज रात्री घराघरांत ऐकू येत होती. पण कोकण म्हणजे करणी आणि भानामती, इतकंच बाहेर गेलं. पुण्यामुंबईचे मित्र आजही मला विचारतात, तुमच्याकडे रात्री बाहेर पडतात का रे? आम्ही रात्रीच तर बाहेर पडतो. दशावतार बघायला.

पडदा_पेटी

वेंगुर्लेकर, पूर्ण अनुमोदन. या मालिकेचं नाव सुधीर मोघे यांच्या ज्या गाण्यातून आलं, ते १९७६ सालच्या 'हा खेळ सावल्यांचा' मधलं. त्या चित्रपटात शेवटी भूत मनातलं निघतं. हृदयनाथांचं संगीत, आशा काळे यांचा तो भेदरलेला चेहरा. लहानपणी दूरदर्शनवर पाहिला तेव्हा उलगडा झाल्यावर मला फसवल्यासारखं वाटलं होतं, भूत हवं होतं. मोठेपणी पुन्हा पाहिला तेव्हा कळलं की माणसाच्या मनात इतकं दडपून ठेवलेलं असणं हेच जास्त भीतिदायक आहे.

एक गोष्ट बोलावीशी वाटते ती दिलीप प्रभावळकरांबद्दल. १९८२च्या 'एक डाव भुताचा' मध्ये भूत होते अशोक सराफ, आणि त्या भुताची सोबत मिळालेला साधा माणूस प्रभावळकर. १९९३च्या 'झपाटलेला'त ते तात्या विंचू. २००४च्या 'पछाडलेला'त पुन्हा पलीकडच्या बाजूला. आणि २०२५ साली 'दशावतार'मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, कोकणातला म्हातारा दशावतारी कलाकार. एकाच नटाच्या अंगात मराठी सिनेमाची चाळीस वर्षांची भुतं येऊन गेली आहेत. 'झपाटलेला' विनोदी म्हणून आपण बाजूला ठेवतो. पण रामदास पाध्यांचा तो बाहुला कपाटावर बसलेला आठवून माझ्या पिढीतली कितीतरी मुलं पांघरुणात तोंड घालून झोपली आहेत.

तिसरी_घंटा

रंगमंचावरचं सांगते. माझ्यासाठी मराठीतलं सर्वांत मोठं भूत म्हणजे सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मधले भाऊराव. १९७४ साली पुण्यात पहिला प्रयोग झाला. मी अर्थातच फार नंतर पाहिलं.

मेलेला माणूस उठतो आणि स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो. अंधार नाही, धूर नाही, किंकाळी नाही. चाळीतली माणसं, तिरडीची गडबड आणि मध्ये उभे भाऊराव. त्यांचं गाऱ्हाणं एवढंच की मला आपल्या जुन्या स्मशानातच जाळा. ते स्मशान तर बंद होतंय. मग देह पडून राहतो, खराब व्हायला लागतो, बायकोचं मन तिरडीला खांदा द्यायला आलेल्यांपैकी एकाकडे ओढ घेतं, आणि पोरगा बापाची शेवटची मागणी कशी पुरी करायची या विवंचनेत. प्रेक्षक हसतात, खूप हसतात. माझे वडील गेले त्यानंतर काही महिन्यांनी मी ते नाटक पुन्हा पाहिलं. आदल्या वेळी जिथे हसले होते तिथे या वेळी हात थंड पडले. बापाचं कलेवर घरात असताना किती बारीकसारीक गोष्टींची चौकशी करावी लागते, हे मला तोवर ठाऊक झालं होतं.

कीर्तनाचा बाज घेणं हीच त्यातली खरी करामत आहे असं मला वाटतं. कीर्तनकार देवाची, संतांची आख्यानं लावतो. इथे साध्या चाळकऱ्याने स्वतःचं आख्यान लावलं, कारण त्याचं आख्यान दुसरं कुणी लावणार नव्हतं. ओसरीताई, तुमचं 'न ऐकलेलं गाऱ्हाणं' ते हेच.

वऱ्हाडी_ठसा

तुम्ही सगळे कोकण आणि पुण्यातच फिरून राह्यले, जरा आमच्याकडेही या.

भवभूती आमचा. विदर्भातल्या पद्मपुरचा, त्यानेच नाटकाच्या सुरुवातीला सांगून ठेवलंय. आजच्या गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळ पद्मपूर आहे, ते हेच असं मानतात. आठव्या शतकात त्याने 'मालतीमाधव' लिहिलं. त्याच्या पाचव्या अंकात नायक माधव रात्री स्मशानात जातो. कशासाठी? भुतांना माणसाचं मांस विकायला. प्रेमात हरलेला कॉलेजातल्या पोरासारखा पोरगा, हातात मांस, आणि 'घ्या कोणी' म्हणून पिशाचांना ओरडून राह्यला. भोवती पिशाचांचा कल्लोळ. तेवढ्यात देवळातून बाईचा आक्रोश ऐकू येतो. अघोरघंट नावाचा कापालिक चामुंडेपुढे बळी द्यायला निघालाय, आणि बळी म्हणजे माधवाचीच मालती.

संस्कृत नाटक म्हणजे उपवन, सखी आणि हरिण असं शाळेत शिकलेल्या माणसाने हा अंक वाचावा. मी नागपुरात शिकत असताना ग्रंथालयात वाचला आणि खोलीवर परत जाताना स्मशानाकडचा रस्ता सोडून लांबून गेलो. माझ्या लेखी भारतीय भयनाट्यातली याहून अंगावर येणारी रात्र नाही. आणि गंमत बघा, तिथे भुतं काहीच मागत नाहीत. मागणं घेऊन गेलेला जिवंत माणूस आहे.

निंबोणी

दोन दिवस वाचतेय, लिहू की नको करत होते.

तुम्ही सगळे ज्या प्रेमाने लिहिताय त्यावर माझा काही आक्षेप नाही. मलाही या गोष्टी आवडतात. पण मी लहान असताना माझ्या आत्याला 'बाधा' झाली होती. तिला भगताकडे नेलं. मिरच्यांची धुरी दिली, केस धरून विचारत होते, 'कोण आहेस तू? काय पाहिजे?' मी दाराआडून पाहिलंय. ती जे बोलली ते सगळ्यांनी भुताचं बोलणं म्हणून ऐकलं. तिने सासूचं नाव घेतलं, उपासमार सांगितली, पोटातलं मूल कसं गेलं ते सांगितलं. सगळे म्हणाले, बघा, भूत किती खोटं बोलतंय. उतारा केला, आणि दुसऱ्या दिवशी तिला त्याच घरी परत पाठवलं.

२०१३ साली डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, हे त्याच्या अनुसूचीत अगदी पहिलं कलम म्हणून लिहिलंय. ते वाचताना मला आत्याच्या त्या खोलीतला वास आला.

म्हणून 'भूत म्हणजे गाऱ्हाणं' हे वाचून मला बरंही वाटलं आणि रागही आला. जिवंतपणी तिचं गाऱ्हाणं कुणी ऐकलं असतं तर भूत लागलंच नसतं.

ओसरी

निंबोणी, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं. दिवसभर काय उत्तर द्यावं सुचत नव्हतं.

मी आजीच्या मुंजाच्या गोष्टीत रमले होते आणि एक गोष्ट सोडूनच दिली. आमच्या घरात मेलेल्या पोराला पान मिळालं, कारण तो मुलगा होता. त्याच घरात बाळंतपणात गेलेल्या बायका असणारच. त्यांच्यासाठी कुणी पाट मांडल्याचं मला आठवत नाही. त्यांच्या वाट्याला चिंचेखालून जाऊ नका, एवढी ताकीद आली.

तुमच्या आत्याचं वाचून मला 'लपाछपी' आठवला. २०१७चा, विशाल फुरिया यांचा. उसाच्या फडात एकटं घर, गरोदर बाई, आणि तिची काळजी घेणारी गोड बोलणारी तुळसाबाई. फडात पोरांचे आवाज येतात, रेडिओ वाजतो. पण त्यात खरा धाक आहे तो मुलगाच हवा म्हणणाऱ्या त्या घराचा. पूजा सावंतची नायिका जे ऐकते ते आधीच्या बाईचं गाऱ्हाणं असतं, आणि ते ऐकल्यामुळे ती वाचते. पुढे त्याचं हिंदी रूप आलं, 'छोरी'. मला मराठीच जास्त भिडला. उसाची पात कशी कापते हे ज्याने अनुभवलंय त्याला ती धावाधाव अंगावर जाणवते.

निंबोणी

'लपाछपी' पाहिलेला नाही. पाहीन, पण एकटी नाही. आत्या अजून आहे. तिच्याबरोबर नाही पाहणार, बहिणीबरोबर पाहीन.

जुना_बाजार

निंबोणी, तुमचं वाचून मतकरी आठवले. रत्नाकर मतकरी आपल्या कथांना गूढकथा म्हणत. धारपांच्या भयाहून तो प्रकार वेगळा आहे. त्यांच्याकडे दार वाजतं ते ब्लॉकमधल्या, चाळीतल्या घराचं, आणि आत आलेलं भय त्या घरातल्याच कुणाच्या मत्सरातून, एकटेपणातून उगवलेलं असतं. 'खेकडा' हा संग्रह मिळाला तर वाचा. 'गहिरे पाणी' मालिकेमुळे त्या कथा पुस्तकं न वाचणाऱ्या घरांतही गेल्या.

आता माझ्या मूळ आक्षेपाबद्दल. धारप मी सोडत नाही. पण मला आता दोन वेगळ्या रांगा दिसतात. एका रांगेतल्या भुताला 'तुला काय हवं' असं विचारता येतं, दुसऱ्या रांगेतल्याला विचारून उपयोग नसतो. दोन्हींची भीती वेगळी आहे, आणि दोन्ही खऱ्या आहेत.

तिसरी_घंटा

पैठणबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

गुणाढ्याची कथा आठवते का? 'कथासरित्सागर'च्या सुरुवातीला आहे. सातवाहन राजा प्रतिष्ठानात, म्हणजे पैठणात, राण्यांबरोबर जलक्रीडा करत असताना एक राणी 'मोदकैः' म्हणाली. तिला म्हणायचं होतं 'मा उदकैः', पाणी उडवू नका. राजाने मोदक मागवले. राणी हसली. शरमलेल्या राजाला संस्कृत शिकायचं होतं. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षं लागतील, शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत शिकवतो. गुणाढ्य पैज हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडल्या. मुका होऊन विंध्यात गेला. तिथे पिशाचांची भाषा शिकला, शापाने पिशाच झालेल्या एका यक्षाच्या तोंडून गोष्टी ऐकल्या आणि सात वर्षं स्वतःच्या रक्ताने त्या लिहून काढल्या. सात लाख श्लोक. राजाने ते नाकारले, भाषा पिशाचांची म्हणून. मग गुणाढ्य जंगलात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. जनावरं चरणं सोडून रडत ऐकत होती. सहा लाख जळाले, एक लाख उरले.

ती 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. पण 'कथासरित्सागर' तिच्यावरूनच रचला, आणि वेताळाच्या पंचवीस गोष्टी आज आपल्याला त्यात वाचायला मिळतात. 'चांदोबा'मधलं ते चित्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला विक्रम, त्याची वाट पैठणवरून येते. तुमचं म्हणणं याच्याइतकं नेमकं मला कुठे सापडलं नाही. मेलेल्यांच्या भाषेत लिहिलेलं आहे म्हणून राजा ऐकत नाही.

वेंगुर्लेकर

अंगावर काटा आला.

आणि पैठणच म्हणाल तर नाथ राहिले. एकनाथांचं भुताचं भारूड. बाईला भूत लागलंय, जबर मोठं आहे, काही केल्या सुटत नाही, असं म्हणत म्हणत शेवटी कळतं की हे भूत विठ्ठलाचं. ध्रुवाला लागलं तेच. आमच्याकडे गावच्या सप्ताहात एक म्हातारे बुवा ते करायचे. डोक्यावर पदर, अंगात आल्यासारखे घुमायचे. आम्ही पोरं खरोखर घाबरून खांबामागे जायचो. आणि मग मृदंगाचा ठेका बदलायचा, बुवा ताठ उभे राहायचे, आणि त्याच चेहऱ्यावर असं काही यायचं की घाबरलेल्या बायकाच हात जोडायच्या.

वऱ्हाडी_ठसा

वेंगुर्लेकर, त्या बुवांचं कुणी रेकॉर्डिंग केलं होतं का?

वेंगुर्लेकर

नाही हो. तेव्हा कुणाला सुचलं नाही.

निंबोणी

ओसरीताई, एक विचारायचं राहिलं. तुमच्या घरातल्या त्या मुलाचं नाव काय होतं?

ओसरी

निंबोणी, तुमचा प्रश्न वाचला तेव्हा लक्षात आलं की मला माहीत नाही. बाबांनाही नाही. आम्ही सगळे 'मुंजा'च म्हणत आलो.

काल चुलत आजीला फोन केला. नव्वदीच्या आहेत, ऐकू कमी येतं, तीनदा विचारावं लागलं. मग त्यांनी नाव सांगितलं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा त्यांच्या सासूबाईंनी एकदाच, माजघरात, हळू आवाजात सांगितलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही, ते आधी घरात घेतलं जाऊ दे. त्या आणखी एक बोलल्या. त्याच्याच आईने त्याच्यानंतर दोन मुली गमावल्या, एक बाराव्या दिवशी आणि एक जन्मतःच. त्यांना नावंच ठेवली नव्हती.

आईशी बोलले. या वेळी तीन पाट मांडायचं ठरलंय. शेजारच्यांच्या दोन लेकींना बोलावणं गेलंय. चुलत आजी म्हणाल्या की त्याला साखरभात आवडायचा म्हणे, केशर घातलेला. मुलींना काय आवडलं असतं ते कुणाला सांगता येणार नाही, म्हणून आई दोघींच्या पानात सगळंच थोडं थोडं वाढणार आहे.